शरीर कळण्यापुरतं रसायनशास्त्र

नर्सिंग, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपी किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मानवी शरीराचा अभ्यास सुरू होतो आणि वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: आम्हाला हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड शिकायचंय, त्यात हे अणू-रेणू कशाला? प्रश्न आगाऊपणाचा नाही. विचारणाऱ्यांत बारावीला कला शाखा घेऊन जीएनएमला आलेल्या मुली असतात, तशीच केमिस्ट्रीचा पेपर कसाबसा काढून ‘सुटलो एकदाचे’ म्हणालेली मुलंही असतात. त्यांनी शाळेत पाहिलेलं रसायनशास्त्र संयुजांच्या तक्त्याचं आणि समीकरणं संतुलित करण्याचं होतं. त्यात माणूस कुठे नव्हताच. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, म्हणून त्यांच्या प्रश्नाला उत्तर आधी द्यायला हवं.

उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. पिंपरीत राहणाऱ्याला एचए कॉलनी आणि एचए मैदान ठाऊक असतं. त्या नावामागचा कारखाना म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला मिळाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने या पट्ट्यात आले ते त्यानंतर. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक ओळख आज वाहनांची असली, तरी तिच्या आरंभी एक बुरशी आहे आणि त्या बुरशीचं औषध वेगळं काढण्याची रसायनविद्या आहे.

पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या तबकडीवर ती आपोआप उगवली, ही गोष्ट शाळेत होते. पण बुरशी वाढवणं हे काम निम्मंच. टाकीत साखर, मक्याचा अर्क आणि भरपूर हवा देऊन ती वाढवली, काही दिवसांनी गाळून काढली, की हाती राहतं गढूळसर पाणी. त्यात पेनिसिलिन असतं खरं, पण थोडं, आणि क्षार, साखरा, प्रथिनं अशा कितीतरी पदार्थांच्या गर्दीत. त्या गर्दीतून ते एकटं बाहेर काढायचं कसं?

पेनिसिलिनच्या कारखान्यांत रूढ झालेली रीत अशी. पेनिसिलिनच्या रेणूला एक आम्लगट असतो. साध्या पाण्यात त्या गटातला हायड्रोजन आयन सुटून जातो आणि रेणूवर ऋण प्रभार राहतो. प्रभार असलेल्या रेणूला पाणी सोडत नाही. म्हणून गाळलेलं पाणी थंड करतात आणि त्यात सल्फ्युरिक आम्ल सोडून पीएच २ ते २.५ पर्यंत खाली आणतात. आता पाण्यात हायड्रोजन आयनांची रेलचेल होते, त्यातला एक पेनिसिलिनला येऊन चिकटतो आणि प्रभार नाहीसा होतो. या वेळी ब्यूटाइल ॲसिटेटसारखा पाण्यात न मिसळणारा द्रावक घुसळला, की पेनिसिलिन पाणी सोडून द्रावकात उतरतं. क्षार आणि साखरा मागे पाण्यातच राहतात. मग तो द्रावक पोटॅशियमच्या आम्लारीयुक्त पाण्याशी घुसळायचा. हायड्रोजन आयन पुन्हा सुटतो, प्रभार परत येतो आणि पेनिसिलिन पुन्हा पाण्यात येतं, पण आता जवळजवळ एकटं. त्याचे स्फटिक करता येतात.

यात एक घाई आहे. आम्लात पेनिसिलिनचं चौकोनी कडं तुटतं, आणि ते कडं म्हणजेच औषध. म्हणून सगळं थंड ठेवायचं आणि पाणी व द्रावक वेगाने फिरणाऱ्या यंत्रात झटपट वेगळे करायचे. हीच घाई रुग्णाच्या पोटातही चालते. जठरातलं आम्ल याच तोडीचं, आणि तिथे बर्फ नाही. पेनिसिलिन जी गोळीने न देता इंजेक्शनने का देतात, याचं उत्तर फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात एका ओळीत येतं. त्या ओळीमागचं कारण कारखान्याच्या थंड टाकीत दिसतं.

आता तीच गोष्ट रुग्णालयात पाहा. कुणी ॲस्पिरिनच्या बऱ्याच गोळ्या एकदम घेतल्या. शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं. मूत्रपिंड ते गाळून मूत्रात टाकतं, पण मूत्र आम्लधर्मी असेल तर त्यातल्या काही रेणूंवर प्रभार नसतो आणि बिनप्रभाराचा रेणू नलिकेच्या पेशींमधून, त्यांच्या स्निग्ध पटलातून, परत रक्तात शिरतो. डॉक्टर शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात, मूत्राचा पीएच ७.५ च्या वर नेतात. त्या उरलेल्या रेणूंवरही प्रभार येतो, पटल ओलांडण्याची वाट बंद होते आणि विष मूत्रात अडकून बाहेर जातं. पेनिसिलिन पाण्यातून द्रावकात न्यायला प्रभार काढला होता. इथे तो बसवला. रेणू जवळपास तसाच राहिला, एक हायड्रोजन आयन तेवढा आला किंवा गेला, आणि त्यावरून तो शरीरात कुठे जाणार हे ठरलं.

या पुस्तकाला सांगायचं आहे ते एवढंच, आणि तेच पुन्हा पुन्हा. पदार्थ शरीरात कुठे पोचेल, कुठे अडेल आणि कशाला जाऊन चिकटेल हे त्याचा प्रभार आणि आकार ठरवतात. आणि त्याने भलं होईल की बुरं, हे प्रमाण ठरवतं. आवर्तसारणीतली सगळी मूलद्रव्यं पाठ करून शरीर कळत नाही. पण सोडियम आणि पोटॅशियम वेगळे का, पाणी कशाला धरतं आणि कशाला झिडकारतं, पीएच एक अंकाने हलला म्हणजे नेमकं किती हललं, हे कळलं नाही तर शरीरशास्त्राची निम्मी पानं घोकावी लागतात. ती घोकंपट्टी वाचवणं हा या पुस्तकाचा हेतू.

आरंभ पाण्यापासून केला आहे, कारण प्रौढ माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असतं आणि शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया त्या पाण्यातच घडतात. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पाण्याच्या प्रती किती, हे कारखान्यातल्या माणसाला विचारावं. प्लेटिंगला आणि पेंट शॉपला डीएम वॉटर लागतं, म्हणजे आयन काढून टाकलेलं पाणी. त्याची कंडक्टिव्हिटी रोज मोजतात, कारण पाण्यातून वीज वाहते ती आयनांमुळे. आयनविरहित पाणी बॅटरीत घालायला उत्तम. तेच नुसतं शिरेत सोडलं तर तांबड्या पेशींत पाणी शिरून त्या फुटतील. शिरेत जाणाऱ्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सोडियमचे १५४ मिलिमोल आणि क्लोराइडचे तितकेच. ९ वरून १५४ कसे आले हे गणित पहिल्या भागात सोडवून दाखवलं आहे. ज्याला ते स्वतः करता आलं, त्याला परासरण वेगळं शिकवावं लागत नाही.

आयनांच्या प्रकरणात सोडियम-पोटॅशियमवर बरीच पानं खर्च केली आहेत आणि ती मुद्दाम. दोघांवर एकेकच धन प्रभार, आवर्तसारणीत दोघे एकाच उभ्या रांगेत. तरी रक्तद्रवात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम अवघा ३.५ ते ५. पेशीच्या आत हा हिशोब उलटा. पेशीच्या पटलातला पंप एटीपीच्या प्रत्येक रेणूमागे तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा फरक तो जागता ठेवतो आणि त्याच्याच जोरावर मज्जातंतूतून संदेश धावतो, हृदय आकुंचन पावतं. पोटॅशियमचा रिपोर्ट ५ वरून ७ वर गेला की वॉर्डात धावपळ का होते आणि सोडियम दोनने हलला तर कुणी मान वर करून का पाहत नाही, हे विद्यार्थ्याने पाठ करू नये. प्रमाण पाहून त्याला ते उमगावं.

आम्ल आणि आम्लारी हा विषय मुलांना येतो असं वाटतं, पण तो बहुधा लिटमसपाशी थांबलेला असतो. भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्यावरचा गंज काढायला पिकलिंगच्या टाकीत जे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, तेच आम्ल, बरंच सौम्य, आपलं जठर रोज तयार करतं. टाकीला रबराचं किंवा प्लास्टिकचं अस्तर लागतं. जठराला श्लेष्मा आणि बायकार्बोनेट यांचं. अस्तर फाटलं की अल्सर. रक्ताचं गणित याहून नाजूक. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ या पट्टीत राहावा लागतो. ७.४ चा ७.१ झाला तर आकड्यात फरक फार वाटत नाही, पण हायड्रोजन आयन लिटरला ४० नॅनोमोलवरून ८० वर गेलेले असतात, म्हणजे दुप्पट. पीएच हा लॉगचा मोजमापपट्टा आहे हे वाक्य परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी हा हिशोब करताना अडखळतो, म्हणून तो पुस्तकात तीन ठिकाणी करून घेतला आहे.

बफरसाठी उदाहरण घेतलं आहे ते मधुमेहाच्या रुग्णाचं. इन्सुलिन अपुरं पडलं, रक्तात कीटोआम्लं साठली, आणि रुग्ण खोल, जोरजोराने श्वास घेतो. त्याला दम्याचा त्रास नसतो. बायकार्बोनेट हायड्रोजन आयन टिपतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि फुप्फुसं तो बाहेर फेकत राहतात. श्वासाची गती इथे एका रासायनिक समतोलाला उत्तर देत असते. हे दिसलं की समतोलाचं प्रकरण रुक्ष राहत नाही.

तेल आणि पाणी यांच्या भागात सीएनसी मशीनवरचा कूलंट भेटेल. डब्यातलं तेल पिवळट असतं, पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. त्यातल्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात. खाल्लेल्या तुपाशी पित्तातले क्षार आतड्यात हेच करतात. ऑपरेटर सकाळी कूलंटचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून त्याचं प्रमाण पाहतो, पीएचची पट्टी बुडवतो. कूलंटला वास येऊ लागला आणि पीएच उतरला, तर त्यात जिवाणू माजलेत हे तो ओळखतो. त्याच तत्त्वावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये मूत्राची घनता पाहायला वापरतात. घरात एखादं माणूस मशीन शॉपमध्ये कामाला असेल, तर विद्यार्थ्याने हा धडा वाचण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावं.

कार्बनी रेणूंचा भाग पुस्तकात सर्वांत मोठा आहे, आणि तिथे जोर आकारावर आहे. पेनिसिलिनमधलं ते चौकोनी कडं ताणलेलं असतं, कारण चार अणूंच्या कड्यात कोन हवे तेवढे मोकळे होत नाहीत. जिवाणूची पेशीभित्तिका विणणारा एक एन्झाइम त्या कड्याला हात घालतो, कडं उघडतं आणि एन्झाइमलाच कायमचं चिकटून बसतं. विणकाम थांबतं, जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून आपण वाचतो. याच पिंपरीच्या कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं; ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनामध्ये, गावाचं नाव आहे. या जातीची औषधं बुरशीच्या पटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरून तिथे भोकं पाडतात. आपल्या पटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोन्ही रेणू दिसायला भावंडं, फरक थोड्याशा बंधांचा. औषध तो फरक ओळखतं, पण पेनिसिलिनइतकं स्वच्छ नाही. म्हणून अशी औषधं शिरेत देताना जपावं लागतं. औषध कुणाला मारेल आणि कुणाला सोडेल, हे असं आकारावर येऊन ठेपतं.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण या जोडीला मुलं घाबरतात. तिथे आम्ही प्लेटिंग शॉपच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या जागेत, जातो. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम असतं, रंग पिवळा ते नारिंगी. ऑपरेटर आधी आम्ल घालतो, मग सोडियम मेटाबायसल्फाइट; पाहता पाहता पाणी हिरवं होतं. क्रोमियमच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन घेतले, ते त्रिसंयुजी झालं. मग चुना टाकून पीएच वाढवला की हिरवट गाळ तळाशी बसतो. एवढी खटपट का? षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं आणि क्रोमेटचा आकार व प्रभार सल्फेटसारखा. सल्फेट आत घेण्याची पेशीची जी वाट, तिथून क्रोमेट बेमालूम आत शिरतं. आत गेल्यावर पेशी त्याला इलेक्ट्रॉन देते, ते तिथेच त्रिसंयुजी होतं आणि त्या झटापटीत डीएनएला इजा होते. त्रिसंयुजी क्रोमियम बाहेर असतं तर पेशीत सहज शिरूच शकलं नसतं. एकच क्षपण: टाकीत झालं तर सुटका, पेशीत झालं तर घात. संरक्षण नसलेल्या जुन्या प्लेटिंग कामगारांच्या बोटांवरचे व्रण आणि नाकाच्या पडद्याला पडलेली भोकं वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेली आहेत; षट्संयुजी क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग घडवतं हेही सिद्ध आहे.

शेवटचा भाग ऊर्जा आणि एन्झाइमांचा. चाकणच्या कारखान्यांतून जी पेट्रोल गाडी बाहेर पडते, तिच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात. पण त्यासाठी कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावा लागतो. थंड इंजिनाचा धूर म्हणून जास्त वाईट. आपल्या तांबड्या पेशीतला कार्बोनिक अनहायड्रेज हा एन्झाइम ३७ अंशांवर एका सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखांच्या घरात रेणू हातावेगळे करतो. त्याच्याही मध्यभागी एक धातू आहे, जस्त. उत्प्रेरक दोन्हीकडे तेच करतो: क्रियेच्या वाटेतला चढ कमी करतो, शेवटचा समतोल मात्र जिथल्या तिथे राहतो. आणि शिसं दोघांचा शत्रू. शिशाचं पेट्रोल कन्व्हर्टरचा पृष्ठभाग झाकून टाकतं, म्हणून शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. शरीरात शिसं हीम तयार करणाऱ्या एका एन्झाइममधल्या जस्ताची जागा बळकावतं आणि माणसाला पंडुरोग होतो. बॅटरी आणि भंगाराच्या कामात असलेल्या रुग्णाला त्याचा धंदा विचारायची सवय लागली, तर हे प्रकरण सार्थकी लागलं.

मोजमापाला वेगळं प्रकरण दिलेलं नाही. ते प्रत्येक पानावर आहे. साखरेचा रिपोर्ट आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो, परदेशी पुस्तकात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. ९० म्हणजे ५ हे कसं, ते ग्लुकोजच्या रेणुभारावरून, १८० वरून, काढायला शिकायचं. एकक न लिहिता नुसता आकडा लिहिणाऱ्या उत्तराला या पुस्तकाच्या स्वाध्यायात शून्य गुण आहेत. वॉर्डात त्याची किंमत याहून मोठी असते.

काय नाही, तेही सांगायला हवं. इलेक्ट्रॉनांच्या कक्षांचं सविस्तर वर्णन, धातूंचं निष्कर्षण, सेंद्रिय क्रियांच्या लांबलचक याद्या इथे नाहीत. शरीर कळायला त्यांची गरज पडते तेवढाच भाग त्या-त्या जागी घेतला आहे. पुढे जीवरसायनशास्त्र करणाऱ्याला मोठी पुस्तकं वाचावीच लागतील. शब्दांच्या बाबतीत हट्ट धरलेला नाही: प्रभार, संहती, क्षपण हे पाठ्यपुस्तकातले शब्द घेतले, आणि एन्झाइम, बफर, पीएच हे वॉर्डात आणि लॅबमध्ये बोलतात तसेच ठेवले.

वाचण्याची रीत एकच सुचवावीशी वाटते. प्रकरणाच्या शेवटी दिलेला हिशोब कागद-पेन्सिल घेऊन केल्याशिवाय पुढच्या प्रकरणाला हात घालू नये. पहिला हिशोब सलाईनचा आहे. प्रॅक्टिकलला गेलात की ५०० मिलिलिटरची बाटली हातात घ्या, लेबलावरचे ग्रॅम आणि मिलिमोल उतरवून आणा, आणि एकावरून दुसरा काढता येतो का पाहा. आकडे जुळले तर दुसरं प्रकरण उघडा. नाही जुळले तर पहिलंच पुन्हा वाचा, त्यात लाज नाही.